जुन्या नॅसवर बॅकअप अडतो, फर्मवेअर चढत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

पुण्यातल्या छोट्या ऑफिसांमध्ये आठ-दहा वर्षांपूर्वी बसवलेले दोन डिस्कचे नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारे डबे, अजून चालू आहेत. सीएकडे, आर्किटेक्टकडे, पेठेतल्या प्रिंटिंग प्रेसमध्ये, फोटो स्टुडिओत. अशा ठिकाणची नेटवर्कची कामं मी करतो आणि या जुन्या डब्यांच्या तक्रारी बहुतेक जोडीनेच येतात. रात्रीचा बॅकअप होत नाही, म्हणून कुणीतरी सुचवतं की फर्मवेअर (डब्याच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, आणि मग तेही अर्ध्यात थांबतं. दोन्हींचं मूळ बऱ्याचदा एकच असतं: चुकलेली तारीख, थकलेला अडॅप्टर, भरलेली जागा किंवा मरायला टेकलेली डिस्क. त्यामुळे बॅकअप बिघडलाय म्हणून फर्मवेअरला हात लावू नका. आधी डेटा बाहेर काढा, मग कारण शोधा. फर्मवेअर सगळ्यात शेवटी.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तरी पुढचं वाचा:

- बॅकअप रोज साधारण त्याच टक्क्यावर किंवा त्याच फाइलवर थांबतो.
- अपडेट तपासायला गेलं की "सर्व्हरशी संपर्क होत नाही" येतं, पण त्याच नेटवर्कवर बाकी इंटरनेट व्यवस्थित चालतं.
- वीज जाऊन आली की नॅसवर १९७० किंवा २००० सालची तारीख दिसते.
- जुना पीसी नॅसला जोडला जातो, नवा लॅपटॉप जोडला जात नाही.
- भरपूर जागा मोकळी दिसत असताना "जागा अपुरी" असा संदेश येतो.
- मोठी कॉपी चालू असताना नॅस आपोआप रीस्टार्ट होतो.
- फोल्डर उघडतात, फाइल वाचता येतात, पण नवीन काही सेव्ह होत नाही.

सगळ्यात आधी: डेटा बाहेर

नॅस चालू आहे, फोल्डर उघडताहेत, तोवरच हे करून घ्या. एक्स्टर्नल हार्ड डिस्क एखाद्या पीसीला लावा आणि जे परत तयार करता येणार नाही ते आधी कॉपी करा: टॅलीचा डेटा, नकाशे, मूळ फोटो, स्कॅन केलेले करार. सिनेमे आणि सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर मागून. एक्स्टर्नल डिस्क एफएटी ३२ फॉरमॅटची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर बसणार नाही. आउटलुकची मोठी पीएसटी (सगळे मेल साठवणारी फाइल) किंवा लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो आणि दोष नॅसवर जातो. डिस्क रिकामी असेल तर एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

"आमच्याकडे दोन डिस्क आहेत, एक गेली तर दुसरी आहे," हे मला जवळजवळ प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. दोन डिस्क अशा जोडीने चालवण्याच्या पद्धतीला रेड १ म्हणतात, आणि तिच्यात दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते, व्हायरसने लॉक केलेली फाइल दोन्हीकडे लॉक होते. एक डिस्क बंद पडली तर काम चालू राहावं, एवढ्यासाठीच ती सोय आहे. तिला बॅकअप धरू नका.

कॉपी करतानाच एखाद्या फोल्डरवर वेग एकदम केबीवर आला किंवा नॅसमधून टकटक आवाज येऊ लागला, तर बाकीच्या तपासण्या सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

तारीख आणि वेळ

याला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटांत होतं, म्हणून पहिला नंबर. नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख, वेळ आणि टाइमझोन बघा. अपडेटचा सर्व्हर असो की क्लाउड बॅकअप, दोन्हीकडे सुरक्षित जोडणीसाठी प्रमाणपत्र तपासलं जातं आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. नॅसच्या हिशोबाने आज १९७० साल असेल तर कुठलंच प्रमाणपत्र वैध ठरत नाही. संदेश मात्र "संपर्क होत नाही" एवढाच येतो, आणि माणूस राउटर बदलायला निघतो. शिवाय "जुन्या आवृत्त्या आपोआप काढा" हे सेटिंग चालू असेल तर तेही चुकीच्या तारखेवरच चालणार.

वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सोय चालू करा. तरी वेळ जुळत नसेल तर नॅसमध्ये भरलेला डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बघा. इंटरनेट कंपनी बदलताना राउटर बदलला जातो आणि नॅसमध्ये जुन्या राउटरचा पत्ता हाताने भरलेला तसाच राहतो, हे वारंवार सापडतं.

वीज गेली की दर वेळी तारीख मागे जात असेल तर आतला बटन सेल संपलाय. बहुतेक डब्यांत तो सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळणारा. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदला. सेल बोर्डला डाग देऊन बसवलेला असेल तर ओढून काढू नका, ते काम सोल्डरिंगवाल्याचं.

वीज: मेन स्विच, यूपीएस, अडॅप्टर

बॅकअप रात्री एकला लावलेला असतो आणि ऑफिस बंद करणारा माणूस साडेआठला मेन स्विच खाली करून जातो. हसण्यासारखं वाटेल, पण नॅसचा लॉग (त्याने स्वतः ठेवलेली घडामोडींची नोंद) उघडून बघा. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी "अचानक बंद झाले" अशी नोंद असेल तर तुमचं उत्तर मिळालं. बॅकअपची वेळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीवर आणा, किंवा नॅस आणि राउटरसाठी मेन स्विचच्या आधीची वेगळी लाइन इलेक्ट्रिशियनकडून घ्या. पीसीकडून बॅकअप जात असेल तर पीसी स्लीपमध्ये जातो का तेही बघा.

पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाने संध्याकाळी वीज जाते ती वेगळीच. नॅसला अचानक जाणारी वीज सगळ्यात वाईट, कारण लिहिणं अर्धवट राहतं आणि फाइलसिस्टिम बिघडते. म्हणून यूपीएस. पण यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बाहेरून ते कळत नाही. चाचणी नॅस जोडून घेऊ नका. टेबल लॅम्प लावा, प्लग ओढा आणि लॅम्प किती वेळ टिकतो ते बघा. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल आणि तुमच्या नॅसला तो यूपीएस ओळखता येत असेल तर केबल जोडाच. मग बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो. ही केबल खोक्यात तशीच पडलेली मी कितीतरी ठिकाणी बघितली आहे.

अडॅप्टरकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या लाइनवर साधारण २ अँपियर खेचते. दोन डिस्क एकदम सुरू झाल्या तर तेवढ्यापुरता भार बराच वाढतो. अडॅप्टर वर्षानुवर्षं चोवीस तास चालला की आतले कपॅसिटर सुकतात. रिकामा मोजला तर तो बरोबर १२ व्होल्ट दाखवतो, भार आला की खाली बसतो. असा नॅस एरवी दिवसभर नीट चालतो. लांबलचक बॅकअप चालू झाला किंवा अपडेटनंतर रीस्टार्ट होताना दोन्ही डिस्क एकदम फिरल्या, की कोसळतो. मोठी कॉपी चालू असताना अडॅप्टर हाताला चटका देण्याइतका तापतो का, त्यातून बारीक शिटीसारखा आवाज येतो का ते बघा. तसं असेल तर फर्मवेअरचा विचारही करण्याआधी तो बदला.

तपकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाताना जुना अडॅप्टर बरोबर न्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनचा आकार आणि आतली-बाहेरची धन-ऋण बाजू तंतोतंत जुळली पाहिजे. ५ अँपियर असं नुसतं स्टिकर चिकटवलेला, वजनाला हलका अडॅप्टर घेऊ नका. दोन-तीनशे रुपये वाचवून दोन डिस्क पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

जागा: एक दिसते ती, एक न दिसणारी

नॅसमध्ये तुमच्या फाइलींची जागा वेगळी आणि त्याच्या स्वतःच्या सिस्टिमची जागा वेगळी. सिस्टिमचा भाग लहान असतो, बऱ्याच मॉडेलांत दोन-तीन जीबीच. वर्षानुवर्षांचे लॉग, कधीतरी टाकून बघितलेली पॅकेजेस, आधीच्या फसलेल्या अपडेटची अर्धवट उतरलेली फाइल यांनी तो भरतो. मग तुमच्याकडे एक टीबी मोकळा असला तरी अपडेट "जागा नाही" म्हणतं आणि बॅकअपचं काम आपली नोंद लिहिता न आल्याने थांबतं. लॉग साफ करा, न वापरलेली पॅकेजेस काढा, एकदा रीस्टार्ट करा.

दिसणाऱ्या जागेत रिसायकल बिन तपासा. पीसीवरून डिलीट केलेलं नॅसच्या रिसायकल बिनमध्ये पडून राहतं. ज्या डिस्कवर बॅकअप जातोय तिच्यावर किती आवृत्त्या ठेवायच्या, तो आकडाही बघा. मर्यादा घातलेली नसेल तर ती कधीतरी भरणारच.

विंडोज नवं, नॅस जुना

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो विंडोजमधल्या एसएमबी १ या जुन्या फाइल-शेअरिंग पद्धतीतल्या भोकातून. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवलेलं येत नाही, किंवा वापरात नसेल तर काही दिवसांनी आपोआप निघून जातं. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती आणखी कडक आहे: पासवर्ड नसलेला गेस्ट प्रवेश बंद आणि प्रत्येक जोडणीला डिजिटल सही बंधनकारक. म्हणून "काल चालत होतं, विंडोज अपडेट झालं आणि नॅस दिसेनासा झाला."

उपाय नॅसच्या बाजूने करा. फाइल शेअरिंगच्या सेटिंगमध्ये कमाल पातळी एसएमबी २ किंवा ३ करा आणि बॅकअपसाठी पासवर्ड असलेला वेगळा युजर काढा. विंडोजवर एसएमबी १ परत चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मी तो कधीच देत नाही. ऑफिसातल्या सगळ्या पीसींचं दार एका जुन्या डब्यासाठी उघडं ठेवावं लागतं. नॅसला एसएमबी १ शिवाय काही येतच नसेल तर बॅकअप ठेवण्याची जागा म्हणून त्याचे दिवस संपले.

आणि एक साधी गोष्ट: विंडोजचा पासवर्ड बदलला की बॅकअपच्या कामात साठवलेला जुना पासवर्ड चालत नाही. पिन टाकून लॉगिन करणाऱ्याला आपला पासवर्ड आठवतही नसतो, आणि इथे पिन चालत नाही.

मराठी नावांच्या फाइली

हे इंग्रजी मदतपानांवर क्वचितच सापडेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नॅसच्या आत लिनक्स असतं आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारं हलन्त चिन्ह, सगळी वेगळी मोजली जातात. "क्ष" दिसायला एक, पण क, हलन्त आणि ष मिळून नऊ बाइट. म्हणजे देवनागरीत जास्तीत जास्त ८५ चिन्हं. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर एनक्रिप्ट केलेल्या (पासवर्डने कुलूपबंद) फोल्डरमध्ये ही मर्यादा १४३ वर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं.

"सहकारी गृहरचना संस्था दुसऱ्या मजल्याचा सुधारित नकाशा अंतिम" या नावाची पीडीएफ घ्या. आर्किटेक्टच्या ऑफिसात अगदी रोजचं नाव. एक्स्टेन्शन धरून ते १६४ बाइट होतं. साध्या फोल्डरमध्ये सहज बसतं, तशा एनक्रिप्टेड फोल्डरमध्ये बसत नाही. बॅकअप दर वेळी नेमक्या त्याच फाइलवर थांबतो आणि लोक डिस्क खराब झाली समजतात. फाइलचं नाव छोटं करून बघा, लगेच कळेल.

मॅक वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. "दुसऱ्या", "वऱ्हाड", "कऱ्हाड" यांतला ऱ कम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एक पूर्ण चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत जोडी करते. आरसिंक (बदललेल्या फाइलीच तेवढ्या कॉपी करणारा प्रोग्रॅम) वापरून मॅकवरून नॅसवर बॅकअप घेत असाल तर डोळ्यांना एकच दिसणारं नाव नॅसला दोन वेगळी नावं वाटतं. तीच फाइल रोज परत कॉपी होते, किंवा एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात. आरसिंकमध्ये नावांचं रूपांतर करण्याचा पर्याय आहे, तो मॅकच्या बाजूने लावावा. फोल्डरच्या नावात "दुसऱ्या"ऐवजी आकडा टाकला तरी भागतं.

डिस्क

डेटा बाहेर निघालेला असेल तरच पुढे या. नॅसमध्ये प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघता येतो. वर हिरवं "सामान्य" लिहिलेलं असलं तरी आतले चार आकडे वाचा. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्याने बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीतही वाचता न आलेले. या तिन्हींचा कच्चा आकडा शून्य असावा. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल आणि बॅकअप नेहमी त्याच फाइलवर थांबत असेल तर कारण तेच. ५ चा आकडा थोडा असून महिनोन्महिने तेवढाच असेल तर लक्ष ठेवा. आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदला.

क्रमांक १९९ वेगळा. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीचा दोष मोजतो. हा वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे, कनेक्टर धुळीने किंवा दमटपणाने खराब झालाय. नॅस बंद करा, कोणती डिस्क कोणत्या खणात आहे त्याचा फोटो काढा, डिस्कवर मार्करने १ आणि २ लिहा, मगच बाहेर काढून पुन्हा नीट बसवा. क्रम बदलू नका. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेल्या नॅसला पुण्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बाधतात, म्हणून जागा बदलता आली तर बदला.

लिहिता येत नाही पण वाचता येतं, अशी अवस्था म्हणजे नॅसने स्वतःच लिहिणं बंद केलंय, नुकसान वाढू नये म्हणून. परवानग्या बदलत बसू नका, कारण डिस्कमध्ये किंवा फाइलसिस्टिममध्ये आहे.

नवीन डिस्क घेताना ती सीएमआर (डेटाच्या पट्ट्या वेगवेगळ्या लिहिणारी) आहे ना, एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) नाही ना, ते मॉडेल नंबरवरून तपासा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' (Red) याच ब्रँडनावाच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. एसएमआर डिस्कवर रेड परत बांधायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तुमची उरलेली जुनी डिस्क एकटी राबत असते.

आता फर्मवेअर

इथवर सगळं ठीक असेल तर दोन शक्यता. एक, नॅस इतका जुना की अपडेटच्या सर्व्हरशी बोलायची त्याची भाषाच कालबाह्य झाली. टीएलएस ही सुरक्षित जोडणीची पद्धत, आणि बरेच सर्व्हर आता तिच्या १.२ आवृत्तीच्या खाली बोलत नाहीत. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट (साइट्सना फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था) वापरत असलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हाही कितीतरी जुनी उपकरणं अशीच तुटली. अशा वेळी कंपनीच्या साइटवरून पीसीवर फाइल उतरवून हाताने चढवावी लागते.

दोन, कंपनीने त्या मॉडेलचं काम थांबवलंय. डब्ल्यूडीने (वेस्टर्न डिजिटलने) आपल्या नॅसमधल्या माय क्लाउड ओएस ३ चा आधार १५ एप्रिल २०२२ ला बंद केला. डी-लिंकच्या जुन्या नॅसमध्ये २०२४ मध्ये मोठं भोक सापडलं तेव्हा कंपनीने दुरुस्ती न देता उपकरण बदला असंच सांगितलं. जून २०२१ मध्ये इंटरनेटला उघडे असलेले डब्ल्यूडीचेच माय बुक लाइव्ह दुरून पुसले गेले. तुमचं मॉडेल या वर्गातलं असेल तर राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (बाहेरून नॅसपर्यंत वाट उघडणाऱ्या सोयी) बंद करा, नॅसचा क्लाउड प्रवेश बंद करा, आणि त्याला फक्त ऑफिसच्या आत दुसरी प्रत ठेवण्यापुरता वापरा.

हाताने अपडेट करायचंच असेल तर खालच्या लेबलवरचं मॉडेल आणि त्यापुढचं हार्डवेअर आवृत्तीचं अक्षर दोन्ही जुळवा. खूप जुन्या आवृत्तीवरून थेट शेवटची चढत नाही, मधल्या टप्प्यांच्या फाइली लागतात, त्यांचा क्रम कंपनीच्या टिपणात दिलेला असतो. सेटिंगची प्रत काढून ठेवा. लॅन केबल लावलेल्या पीसीवरूनच करा, वायफायवरून नको.

आणि फाइल चढवण्याआधी नॅस नुसताच एकदा रीस्टार्ट करा. साध्या रीस्टार्टमधून तो वर आला नाही, तर दोष हार्डवेअरचा आहे हे तुम्हाला अपडेटचं गुंतागुंतीचं प्रकरण होण्याआधीच कळतं. वर आला तरच पुढे जा. अपडेट सुरू झालं की दिवा लुकलुकत असताना निदान तासभर प्लगला हात लावायचा नाही. सीएंनी ३१ जुलैच्या आधीच्या दिवसांत, आणि कुणीही बुधवारी संध्याकाळी किंवा गुरुवारी, हे काम काढू नये.

थांबा आणि माणूस बोलवा

पुढच्या कुठल्याही प्रसंगी नॅस बंद करा आणि परत चालू करून बघू नका:

- डिस्कमधून टकटक किंवा घासल्याचा आवाज येतोय.
- दोन डिस्कपैकी एक बंद पडली आहे, दुसरीचा १९७ वाढतोय, आणि डेटाची प्रत कुठेही नाही. अशा वेळी नवी डिस्क घालून रेड परत बांधू नका, त्या श्रमातच दुसरी जाते.
- नॅस डिस्क "इनिशियलाइझ" किंवा फॉरमॅट करायला सांगतोय. होय म्हणू नका. पीसीला डिस्क लावल्यावर विंडोजनेही हेच विचारलं तरी नाही म्हणा, लिनक्सची डिस्क विंडोजला वाचता येत नाही म्हणून तो तसं विचारतो.
- डब्यातून जळका वास आला, किंवा आत पाणी गेलंय.

अपडेट अर्धवट राहून नॅस उठतच नसेल, पण डिस्क ठीक असतील, तर घाबरू नका. फर्मवेअर बिघडलं म्हणजे डेटा गेला असं नाही. लिनक्स जाणणारा तंत्रज्ञ साध्या रेड १ मधली एक डिस्क फक्त वाचता येईल अशा रीतीने जोडून फाइली काढू शकतो. फोल्डर एनक्रिप्ट केलेले असतील तर त्याची किल्ली किंवा पासवर्ड लागेल. आवाज करणाऱ्या डिस्कसाठी मात्र साधा कम्प्युटर दुरुस्तीवाला चालणार नाही. डेटा रिकव्हरीसाठी धूळरहित खोली असलेल्याकडेच द्या, आणि आधी विचारा की डिस्क उघडण्यापूर्वी तपासणीचा खर्च आणि अंदाज लेखी देणार का.

जो कुणी येईल त्याला सांगायला हे तयार ठेवा: मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती, आत्ताचं फर्मवेअर, रेडचा प्रकार, डिस्क कोणत्या खणात होत्या त्याचा फोटो, स्मार्टच्या चार आकड्यांचा स्क्रीनशॉट, वीज शेवटची कधी गेली होती, आणि त्यानंतर कुणी कुठलं बटन दाबलं. ऑफिसातल्या कुणी काही करून बघितलं असेल तर तेही सांगा. ते लपवलं की तंत्रज्ञ चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.